आकाशी की आभाळी

आतल्या खोलीला निळा रंग द्यायचा, हे आमच्या घरात एकमतानं ठरलं. 'एकमत' हा शब्द इथेच नीट बघून घ्या, पुढे तो भेटणार नाही.

मुळात भिंतीवर आत्ता कोणता रंग आहे, इथूनच वाद. मी म्हणत होते राखाडी. नवऱ्याचं म्हणणं, पांढराच आहे, फक्त दमलेला आहे. नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्यात होते आणि बाळ घरी यायच्या आत म्हणून त्यानंच घाईघाईनं ही खोली रंगवून घेतली होती. त्यामुळे त्याच्या शब्दाला प्रत्यक्षदर्शीचं वजन होतं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "अरे, फिकट निळा होता की तो." पण सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डाव्याचं अजून व्हायचं. रंगाच्या खटल्यात त्यांची साक्ष आम्ही दोघांनीही ग्राह्य धरली नाही.

रंगकामाचे काका आले. त्यांनी नखानं एक पोपडा उचलला, भिंतीला तळहात लावून ओल आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "लांबी म्हणजे पुट्टी भरू, प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. चार दिवसांचं काम. तुम्ही फक्त नंबर सांगा." आणि पिशवीतून काढून शेडकार्ड माझ्या हातात ठेवलं.

काकांनी चार दिवसांचं काम चार दिवसांत केलं. आमचं 'फक्त नंबर सांगण्याचं' काम सतरा दिवस चाललं.

शेडकार्ड तुम्ही पाहिलं असेल. एका खिळ्याभोवती पंख्यासारखं उघडणारं ते जाडजूड बाड. निळ्याची चौदा पानं, प्रत्येक पानावर सात चौकोन, म्हणजे अठ्ठ्याण्णव निळे. वरून खाली एकेक पायरी गडद होत जातात. प्रत्येकाला नंबर आहे आणि नंबराच्या खाली नाव आहे. नावं ठेवणारा माणूस प्रेमभंगातून नुकताच सावरत असावा. 'पहाटेचा उसासा', 'तळ्याचं मौन', 'दूर गेलेला किनारा'. 'निळा, जरा फिका' असं कामाचं नाव एकालाही नाही. नवऱ्यानं विचारलं, "तळ्याचं मौन म्हणजे? तळं कधी बोलत होतं?" त्याच्या या प्रश्नानं तो चौकोन बाद झाला. पहिले काही चौकोन असेच चारित्र्यावर गेले.

निळ्याच्या या पायऱ्या मोजायचं वेड जुनं आहे. सोस्यूर नावाचे एक स्विस गृहस्थ आल्प्सचे डोंगर चढत असत. उंचावर गेलं की आकाश गडद दिसतं, तर ते नेमकं किती गडद, हे मोजायला त्यांनी १७८९ च्या सुमारास एक साधन तयार केलं. साधन म्हणजे काय, तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निळ्याच्या ५३ छटा रंगवलेले कागदाचे तुकडे, गोलाकार चिकटवलेले. ते डोळ्यांसमोर धरायचं, आकाशाशी जुळवायचं आणि नंबर टिपायचा. नाव सायनोमीटर. पुढे हुम्बोल्ट नावाचा जर्मन संशोधक ते घेऊन दक्षिण अमेरिकेत गेला आणि १८०२ साली चिंबोराझो पर्वत चढताना त्यानं आकाशाचा नंबर काढला, ४६. शेडकार्डच की हे! फरक एवढाच, की त्या लोकांना अख्ख्या आकाशासाठी ५३ छटा पुरल्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला अठ्ठ्याण्णवही अपुऱ्या पडत होत्या. आणि हुम्बोल्टला तिथे धाप लागली असेल, थंडी वाजली असेल, पण "शेहेचाळीस नको गं, पंचेचाळीस बघूया" असं म्हणणारं त्याच्यासोबत बहुधा कुणी नसावं.

लेक म्हणाली, "मला जांभळा." तो विषय तिथेच मिटला.

बाकीचे शहाण्णव निळे कसे गळाले ते सांगत बसत नाही. कुणी दवाखान्याचा वाटला, कुणी गणवेशाचा, एक थेट बाथरूमच्या फरशीचा. सहाव्या दिवशी दोन उरले. एकाच पानावरचे, एकमेकांच्या डोक्यावर बसलेले, सख्खे भाऊ. नंबर लक्षात राहीनात म्हणून आम्ही त्यांना घरगुती नावं दिली. वरचा आकाशी, खालचा आभाळी. आता आकाश आणि आभाळ यांत फरक काय, असं परक्या माणसाला वाटेल. मराठी माणसाला वाटणार नाही. आनंद झाला की ठेंगणं होतं ते आकाश, संकट आलं की फाटतं ते आभाळ. आकाश निरभ्र असतं, आभाळ 'आलेलं' असतं. वरच्या चौकोनात ऊन होतं, खालच्यात एक पुसटसा ढग होता. मी आकाशाच्या बाजूची. नवरा आभाळाच्या.

हा ढग म्हणजे काय ते दुकानात कळलं. दोन्हींची छोटी डबी नमुन्याला घ्यायला गेलो होतो. तिथे रंग मिसळायचं यंत्र असतं. पांढऱ्या बेसचा डबा खाली ठेवतात, नंबर दाबतात आणि वरून बारीक धारेनं एकेक रंग पडतो. निळा, हिरव्याचा अंश, आणि काळा. मी विचारलं, "या दोघांत फरक कशाचा हो?" मुलानं पडद्यावरचे आकडे पाहिले. "काळ्याचा. ह्याच्यात जरा जास्त." किती जास्त? त्यानं अंगठा आणि तर्जनी यांच्यात हवा धरून दाखवली. सहा दिवस आम्ही एका काळ्या थेंबावरून भांडत होतो. डबे घेऊन निघताना तो म्हणाला, "फायनल झालं की सगळा रंग एकदम काढून घ्या. नंतर कमी पडला म्हणून आणलात तर शेड मारतो." म्हणजे तोच नंबर, तेच यंत्र, तरी रंग स्वतःशीच जुळत नाही. मग नवरा-बायकोंनी कशाच्या जोरावर जुळवायचं?

काका म्हणाले, नमुना जुन्या भिंतीवर लावू नका, खालचा रंग डोळ्याला फसवतो. पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि पुठ्ठा खोलीभर फिरवा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: "चुना ओला असताना गडद आणि वाळला की उजळ. या डब्यातल्या इमल्शनचं उलटं. ओलं फिकं, वाळलं की गडद. म्हणून ओल्यावर बोलायचं नाही." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय. भिंतीसोडून इतरही ठिकाणी लागू पडेल असं वाटतं.

तर दोन पुठ्ठे. मागे पेन्सिलीनं नावं. ते घेऊन आम्ही खोलीत भूत लागल्यासारखे फिरलो. खिडकीशेजारी, दारामागे, छताला टेकवून. सकाळी आकाशी प्रसन्न आणि आभाळी सर्दी झाल्यासारखा. दुपारी उन्हात आकाशी पार पांढरा पडायचा आणि आभाळीला तोंड फुटायचं. संध्याकाळी दोघांत फरक उरायचा नाही. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात फार गोडीगुलाबी असायची. मग दिवे लागायचे आणि पुन्हा जुंपायची. कारण खोलीत दोन दिवे. एक पिवळसर, २७०० केल्विनचा, एक पांढराशुभ्र, ६५०० चा. पिवळ्या दिव्यात मुळात निळा प्रकाशच कमी, मग भिंत परत काय पाठवणार? त्या दिव्याखाली आभाळी सरळसरळ राखाडी व्हायचा. पांढऱ्या दिव्याखाली आकाशी इतका निळा, की मोबाईलचा पडदा भिंतीला चिकटवल्यासारखा. नवऱ्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला. उभ्या रकान्यात वेळ, आडव्या ओळीत दिवे, प्रत्येक खणात दहापैकी गुण. बेरीज केली तर आकाशी २१४, आभाळी २१५.

"बघ," तो म्हणाला.

एका गुणानं निवडणूक जिंकल्यासारखा त्याचा चेहरा. मी फेरमोजणी मागितली.

फोटोंनी आणखी घोळ घातला. मी दोन्ही पुठ्ठ्यांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले आणि विचारलं, कोणता? फोन स्वतःच्या अकलेनं पांढरं काय ते ठरवतो आणि त्या हिशेबानं बाकीचे रंग सरकवतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बहिणीचं उत्तर आलं, "हिरवा छान आहे." जाऊबाईंचा फोन रात्री आपोआप पिवळट होतो, त्यांनी विचारलं, "मातकट का घेताय?" आणि नणंदेनं लिहिलं, "वहिनी, चुकून एकच फोटो दोनदा आलाय." हिचं उत्तर मी लगेच डिलीट करायला हवं होतं. नवऱ्यानं वाचलं. क्षणभर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि शत्रू समान असला की होतं तसं, दोघांनी मिळून नणंदेच्या डोळ्यांना नावं ठेवली.

त्याच रात्री मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. रशियन भाषेत सगळ्या निळ्यांना मिळून एकच असा शब्द नाही. फिक्याला गलुबोय, गडदाला सीनी, दोन वेगळे रंग, आपला लाल आणि गुलाबी असतो तसे. २००७ साली एका प्रयोगात असं दिसलं, की या दोन शब्दांच्या सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे निळे समोर ठेवले तर रशियन बोलणारे लोक ते चटकन वेगळे ओळखतात. मी नवऱ्याला हलवून जागं केलं. "आपण रशियन असतो ना, तर हे केव्हाच सुटलं असतं."

त्यानं डोळे न उघडता विचार केला. "नसतं सुटलं. हे दोन्ही गलुबोयच आहेत."

माणूस झोपेतही बरोबर असू शकतो, यासारखं संसारात दुसरं दुःख नाही.

सासूबाईंना विचारायचं आम्ही टाळत होतो, पण अकराव्या दिवशी नाइलाज झाला. दोन्ही पुठ्ठे त्यांच्यासमोर धरले. त्यांनी चष्मा काढला. डावा डोळा तळहातानं झाकला, उजव्यानं पाहिलं. मग उजवा झाकला, डाव्यानं पाहिलं. मग पुन्हा. मी म्हटलं, "आई, काय झालं?" म्हणाल्या, "अगं, या डोळ्यानं हा असा दिसतो, आणि या डोळ्यानं हाच तसा दिसतो." त्यांनी आकाशीचा पुठ्ठा हातात घेतला होता. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तो आकाशी होता. न झालेल्यानं आभाळी.

हे काही म्हातारपणाचं बोलणं नव्हे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळं जग एकदम आत घुसतं. चित्रकार मोने याच्या उजव्या डोळ्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याची तक्रार होती की आता सगळंच फार निळं दिसतंय. त्याच्या एका डोळ्याचं जग आणि दुसऱ्या डोळ्याचं जग वेगळं होतं. सासूबाई मात्र तक्रार करत नव्हत्या. त्यांना मजा वाटत होती. पुढचा तासभर त्या घरातल्या प्रत्येक वस्तूकडे आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्यानं पाहत होत्या. शेवटी माझ्यावर आल्या. उजवा, डावा, उजवा. "या डोळ्यानं गोरी दिसतेस," म्हणाल्या. कोणत्या, ते मी विचारलं नाही.

दरम्यान कपाट मध्ये पडलं. सागवानी रंगाचं, पिवळसर तपकिरी, खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू. पुठ्ठा कपाटाला टेकवला की आकाशी भडकायचा, दूर नेला की शांत. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रं धाग्यांनी विणत, एकोणिसाव्या शतकात अशीच तक्रार आली होती. काळा धागा नीट रंगत नाही, फिका दिसतो म्हणून. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाईचे प्रमुख होते. त्यांनी धागा तपासला तर रंग उत्तम. धाग्यात दोष नव्हता, शेजाऱ्यात होता. बाजूला जो रंग विणला जाई तो काळ्याला बिघडवी. १८३९ साली त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. मी नवऱ्याला म्हटलं, "आकाशीत दोष नाही, तुझ्या कपाटात आहे." तो म्हणाला, "मग कपाट काढूया?" आणि खरंच, दोन मिनिटं आम्ही दोघंही एका काळ्या थेंबासाठी कपाट विकायचा गंभीरपणे विचार करत उभे होतो.

सतरावा दिवस. काकांचा फोन आला, आज सांगा नाहीतर मी दुसरं काम धरतो. रात्री मी ठरवलं, आता शेवटचं आणि मुद्देसूद बोलायचं. शेल्फवरून माझा पुठ्ठा घेतला, पिवळा दिवा लावला, सगळ्यांना बसवलं. पुठ्ठा छातीशी धरून उभी राहिले आणि सुरू झाले. म्हटलं, हा रंग बघा. याच्यात खोली मोकळी वाटते. छत वर जातं. याच्याकडे पाहिलं की माणसाला दीर्घ श्वास घ्यावासा वाटतो. तो तिकडे ठेवलाय तो बघा, सुतकी. खिडकी उघडी असून बंद वाटते. इतके दिवस रोज बघतेय मी, मला अंधारातसुद्धा हा हाताला कळेल. हा जिवंत आहे, तो नुसता रंगवलेला आहे. 'जिवंत' म्हणताना माझा आवाज थोडा भरूनसुद्धा आला.

लेक माझ्या मागे बसली होती. "आई," ती म्हणाली, "याच्या मागे आभाळी लिहिलंय."

नवरा हसला असता तर मी सोडलं नसतं. तो हसला नाही. त्यानं फक्त उठून माझ्या हातातून पुठ्ठा अलगद घेतला, दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले, कडेला कड लावून. तशी लावली की रेघ दिसत होती, इथे हा संपतो, इथे तो सुरू होतो. एक हात अंतर ठेवलं की गेली रेघ. मग कोण आकाश आणि कोण आभाळ, कुणाच्या बापाला कळत नव्हतं. "श्वास घ्यावासा वाटतो ना?" तो म्हणाला. "मग झालं तर."

आभाळीचे डबे आले.

काका सकाळी आले तेव्हा नवरा ऑफिसला गेलेला. सामान मध्ये ओढून त्यावर चादरी टाकल्या, आणि काकांनी स्विचबोर्डाचे स्क्रू काढायला घेतले. पट्टी नऊ वर्षांच्या रंगानं भिंतीला चिकटली होती. त्यांनी पात्याची कड फिरवली, पट्टी टक्‌ करून सुटली, आणि खाली, जिथे नऊ वर्षांत ना ऊन पोहोचलं होतं ना धूळ ना आमचे हात, तिथे वहीच्या पानाएवढा एक चौकोन होता.

निळा.

काका काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी शेडकार्ड उचललं, ते पान उघडलं आणि वरचा चौकोन भिंतीला टेकवला. कड दिसली. मग खालचा टेकवला. कड दिसेना. कार्ड कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, कळत नव्हतं.

"वहिनी," काका म्हणाले, "हाच मारलेला आहे की."

मी पलंगाच्या कडेवर बसले. सतरा दिवस. अठ्ठ्याण्णव निळे. एक्सेलचा तक्ता. आणि या माणसानं नऊ वर्षांपूर्वी एकट्यानं, घाईत, बहुधा पाच मिनिटांत, नेमक्या याच काळ्या थेंबावर बोट ठेवलं होतं, आणि नंतर तो पांढरा होता म्हणून विसरूनही गेला होता. त्याला हे कळलं तर काय होईल, ते मला भिंतीसारखं स्पष्ट दिसत होतं. तो म्हणेल, "छे, मग पुन्हा तोच कशाला?" आणि उरलेले सत्त्याण्णव नव्यानं सुरू.

"काका," मी म्हटलं, "पट्टी लावा परत."

"अहो पण मागे घासून, हात मारून घेतो ना नीट."

"मागचं राहू दे. कडेकडेनं मारा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रंगाच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस, त्याला फार समजावावं लागत नाही. त्यांनी पट्टी जागेवर ठेवली आणि स्क्रू पिळले. पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." मी म्हटलं, "आई, आता परत नका सांगू."

लांबी झाली, प्रायमर झाला, रंगाचे दोन हात झाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा भिंती वाळल्या होत्या. तो खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला, सावकाश एक गिरकी घेतली.

"काय फरक पडलाय बघ!" म्हणाला. "म्हणून सांगत होतो, वेळ लागला तरी चालेल, पण नीट विचार करून निवडायचं. मागच्या वेळी घाईत उरकलं, काय झालं? आई, कसा वाटतो?"

सासूबाईंनी डावा डोळा झाकून पाहिलं. उजवा झाकून पाहिलं. मग दोन्ही उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मला तर पहिल्यापासूनच आवडतो," त्या म्हणाल्या.